किकॅडवर पीसीबी डिझाइन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षाची बाग आहे. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं, पण नोकरीच्या वाटेला न जाता शेती बघतो. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. म्हणून मोटर घरून चालू-बंद करता यावी आणि जमिनीतला ओलावाही कळावा, यासाठी ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) वापरून एक यंत्रणा जुळवली. झीरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेला तयार बोर्ड) सोल्डर केलेली आहे. मागचा अख्खा हंगाम तिने काढला. आता चुलतभावाला तशीच हवी आहे, शेजारीही विचारतात. पण बोर्ड उलटा केला की खाली वायरींचं जंजाळ, दमट हवेने जोड काळे पडलेले. हे हाताने पुन्हा पुन्हा करणं परवडणारं नाही, म्हणून रीतसर छापील बोर्ड, म्हणजे पीसीबी, करून घ्यायचा आहे.

किकॅड ९, पीसीबी आखायचं सॉफ्टवेअर, उतरवलंय. शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण एक जण थेट चार लेयरच्या (तांब्याच्या थरांच्या) बोर्डाने सुरुवात करतो, तर दुसरा नुसती बटणं दाखवतो. माझा प्रश्न असा: आधी दोन-तीन सरावाचे बोर्ड करू की थेट हाच घेऊ? आणि फुकटचं सॉफ्टवेअर पुढे कमी पडेल का?

बोर्डावर एवढंच आहे: ईएसपी३२ चं मॉड्युल, एक रिले (विजेने चालणारा स्विच), ओलाव्याचे दोन सेन्सर, पॉवर सप्लाय. रिलेने मोटरच्या स्टार्टरची कॉइल ओढायची, म्हणजे तिला वीज द्यायची.

तपकीरगल्ली

झीरो पीसीबीवर हंगामभर चाललंय म्हणजे सर्किट सिद्ध झालंय. थेट हाच घ्या.

मृण्मयी_क

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना किकॅड दाखवते. तपकीरगल्ली म्हणतात ते पटतं. ज्याला स्वतःचा बोर्ड हवा असतो तो शिकतो. ज्याला फक्त जर्नल पूर्ण करायचं असतं तो बटणं पाठ करतो आणि सुट्टीनंतर विसरतो.

क्रम असा ठेवा. आधी स्किमॅटिक एडिटर, म्हणजे सर्किटचा आराखडा काढायची खिडकी. 'ए' दाबलं की सिम्बॉल येतो, 'डब्ल्यू'ने वायर, 'आर'ने फिरवायचं, 'एम'ने हलवायचं. एवढ्या चार कळांवर पहिली संध्याकाळ निघते. स्किमॅटिकची ग्रिड १.२७ मिमी असते, ती बदलू नका. बारीक ग्रिडवर ठेवलेला सिम्बॉल डोळ्यांना जोडलेला दिसतो पण वायरचं टोक पिनेवर बसलेलं नसतं, आणि मग एक-एक नेट (जोडणी) शोधत बसावं लागतं.

मग ईआरसी चालवायचा, म्हणजे स्किमॅटिकची तपासणी. मग प्रत्येक सिम्बॉलला फूटप्रिंट, म्हणजे त्या पार्टच्या पॅड-भोकांचा नकाशा, नेमायचा. त्यानंतर पीसीबी एडिटर उघडून 'एफ ८': सगळे पार्ट बोर्डावर येतात, मध्ये बारीक रेषांचं जाळं. एज कट्सच्या लेयरवर बोर्डाची कड काढायची, पार्ट मांडायचे, 'एक्स'ने ट्रॅक ओढायचे, ग्राउंडचा झोन (तांब्याचा सलग भाग) भरायचा, डीआरसी म्हणजे बोर्डाची तपासणी, आणि शेवटी गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या फाइली.

मांडणीला वेळ द्या. मुलं सगळा जीव ट्रॅक ओढण्यात घालतात. पार्ट नीट मांडले असतील तर ट्रॅक आपसूक सरळ जातात. कनेक्टर कडेला, मॉड्युल एका टोकाला, पॉवर एका बाजूला. जाळ्यातल्या रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील असं होईपर्यंत पार्ट फिरवत राहा.

जुना_रेडिओ

मृण्मयीताईंनी छान लिहिलंय, पण माझं मत वेगळं आहे. पहिला बोर्ड घरी एच करावा, म्हणजे नको ते तांबं रसायनाने विरघळवावं. आम्ही मायलरच्या फिल्मवर काळ्या टेपा चिकटवून दुप्पट मापात आर्टवर्क करायचो, मग फोटोने निम्मं. त्याआधी तर तांब्यावर थेट नेलपॉलिशने ट्रॅक काढून बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. आता तर लेझर प्रिंटर आहे. गुळगुळीत कागदावर प्रिंट, इस्त्री, आणि टोनर तांब्यावर. स्वतः भोकं पाडली की पॅड किती मोठा हवा हे हाताला कळतं. स्क्रीनवर सगळंच मोठं दिसतं.

सोल्डरगन

@जुना_रेडिओ, काका, तुमच्या पिढीच्या हाताला दंडवत. पण घरच्या एचिंगमध्ये भोकाच्या आतून तांबं येत नाही, सोल्डर मास्क (वरचा संरक्षक थर) नाही, दोन बाजू जुळवणं वेगळंच दिव्य. नवा माणूस तिथेच थकतो. दोन लेयरचा, १०० बाय १०० मिमीच्या आतला बोर्ड हा कारखान्यांकडचा सर्वांत स्वस्त माल असतो. फेरिक क्लोराइडचे डाग फरशीवरून जात नाहीत ते निराळंच, आमच्या घरी अजून त्यावर बोलणी होतात. :)

जुना_रेडिओ

डागांचं खरं आहे. आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. तरी सांगतो, एकाच लेयरचा साधा बोर्ड घरी केल्याने भीती जाते. सक्ती नाही.

पॅनेलवाला

द्राक्षबाग, बाकी सगळं बाजूला ठेवा. स्टार्टरची कॉइल किती व्होल्टची आहे? स्टार्टर उघडून कॉइलवरचा आकडा वाचून सांगा. मेन स्विच बंद करून.

द्राक्षबाग

आत्ताच बघून आलो. ४१५ लिहिलंय. निळा छोटा ५ व्होल्टचा रिले त्याच्या चालू बटणाच्या वायरींमध्ये घातलेला आहे.

पॅनेलवाला

तेच वाटलं होतं. शेतावर न्यूट्रलची खात्री नसते, म्हणून पंपाच्या स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजच्या मध्ये असते, म्हणजे ४१५ व्होल्ट. तुमच्या निळ्या रिलेवर वाचा: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. अँपिअर भरपूर आहेत, पण व्होल्टेजच त्याच्या मर्यादेबाहेर आहे. हंगाम निघाला म्हणून पुढचाही निघेल असं नाही. कॉइल सोडताना कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते, ४१५ ला ती जास्त लांबते. कॉन्टॅक्ट चिकटला तर मोटर बंद होणार नाही, आणि रिलेच्या आत कार्बन साठत गेला तर ती वीज तुमच्या ईएसपीपर्यंत आणि तिथून हाताशी येईल. चुलतभावाला हे देऊ नका.

आता उपाय. ४१५ बोर्डावर आणायचंच नाही. पॅनेलमध्ये २४ व्होल्ट डीसी कॉइलचा छोटा सहायक कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्टेज झेलणारा रिले) बसवा, ज्याचे कॉन्टॅक्ट ४१५ ला चालतात असं त्याच्यावर छापलेलं असेल. तुमचा बोर्ड फक्त त्याची २४ व्होल्टची कॉइल ओढेल. तुम्ही डिझाइन केलेल्या बोर्डावर २४ च्या वर काहीच नसेल. पहिल्या बोर्डासाठी याहून चांगली अट नाही. पॅनेलची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, आणि ओव्हरलोडचा ट्रिप आहे तसाच मालिकेत राहू द्या.

मृण्मयी_क

पॅनेलवाला, मनापासून आभार. मी सॉफ्टवेअरचं सांगत बसले आणि मूळ प्रश्न तुम्ही धरलात.

ज्यांना बोर्डावर २३० व्होल्ट आणावाच लागतो त्यांच्यासाठी जोडते. त्या निळ्या रिलेत कॉमनची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते, त्यामुळे धोक्याची बाजू आणि सुरक्षित बाजू तिथे फार जवळ असतात. अशा ठिकाणी दोन बाजूंमध्ये निदान ६ मिमी अंतर धरतात, आणि ते मिळत नसेल तर मध्ये बोर्डाला खाच पाडतात. किकॅडमध्ये खाच म्हणजे एज कट्सवर काढलेला बंद आकार. ग्राउंडचा झोन त्या बाजूला जाणार नाही यासाठी तिथे कीपआउट क्षेत्र आखायचं. झोन भरताना सॉफ्टवेअर फक्त तुम्ही दिलेलं किमान अंतर पाळतं. कुठे २३० आहे हे त्याला माहीत नसतं.

द्राक्षबाग

पॅनेलवाला दादा, आजच रिले काढून ठेवला, मोटर सध्या हाताने. २४ व्होल्टचंच करतो. म्हणजे पॅनेलमध्ये २४ चा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), बोर्डावर २४ वरून ५, ५ वरून ३.३. बरोबर?

सोल्डरगन

बरोबर. २४ वरून ५ साठी एलएम२५९६ चं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्युल, ते ४० व्होल्ट इनपुटपर्यंत चालतं. ७८०५ हा साधा रेग्युलेटर लावू नका: २४ वजा ५ म्हणजे १९ व्होल्ट, नुसते ०.२ अँपिअर घेतले तरी जवळपास ४ वॉट उष्णता. ५ वरून ३.३ साठी एएमएस१११७ रेग्युलेटर. त्यात एक ध्यानात ठेवा: ७८०५ ची पाठ ग्राउंड असते, पण एएमएस१११७ चा रुंद पाय हा आउटपुट असतो. उष्णता जावी म्हणून सवयीने तो ग्राउंडच्या तांब्याला जोडला की ३.३ थेट शॉर्ट.

रिलेची ५ व्होल्टची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ७० मिलिअँपिअर. ईएसपीची पिन ते देऊ शकत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. बीसी५४७ ची मर्यादा १०० आहे, चालेल, पण बीसी३३७ लावा, निवांत राहील. पायांचा क्रमही तोच. कॉइलला उलटा १एन४००७ डायोड. आणि २४ व्होल्टच्या कॉन्टॅक्टर कॉइललाही तिच्या टोकांवरच डायोड.

नोकरीशोधतोय

थोडं अवांतर. किकॅड शिकून नोकरी मिळते का? इथल्या कंपन्यांच्या जाहिरातींत अल्टियम किंवा कॅडन्स लिहिलेलं असतं. मग फुकटचं शिकण्यात वेळ का घालवायचा?

चाकण_ते_हिंजवडी

वाहन उद्योगासाठी बोर्ड करणाऱ्या कंपनीत आहे, मुलाखतीही घेतो. आमच्याकडे पैशाचं सॉफ्टवेअर वापरतात हे खरं. पण उमेदवाराला मी विचारतो: डीकपलिंग कपॅसिटर (चिपच्या पुरवठ्यातला गोंगाट शोषणारा) कुठे ठेवलास आणि का? ग्राउंडच्या झोनला चीर पडली तर परतीचा करंट कुठून जाईल? ही उत्तरं कुठल्याही मेन्यूत नसतात. एका साधनावर पाच बोर्ड पूर्ण केलेला माणूस दुसऱ्यावर लवकर रुळतो.

आणि 'फुकटचं' म्हणून हलकं समजू नका. किकॅड १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी सुरू केलं, ते तिथल्या तंत्रसंस्थेत शिकवायचे. २०१३ पासून सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने त्यात माणसं आणि काम घातलं. आज आपण ट्रॅक ओढताना आधीचे ट्रॅक बाजूला सरकतात ना, ते राउटिंग सर्नच्या लोकांनी आणलेलं आहे. परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त. तुमची फाइल उद्या कुणी कुलूप लावून बंद करू शकत नाही.

सोल्डरगन

या शेवटच्या वाक्याला +१०००. ईगल या दुसऱ्या पीसीबी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. फुकट आवृत्तीत दोन लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा होती, तरी आम्ही त्यावर वर्षं काढली. २०१६ ला ऑटोडेस्कने ते विकत घेतलं, आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ईगल बंद. किकॅड ईगलच्या फाइली उघडतं म्हणून बरं. स्किमॅटिक आणि बोर्ड दोन्ही येतात, फक्त आयात झाल्यावर झोन पुन्हा भरून डीआरसी चालवायचा.

नोकरीशोधतोय

चाकणकर, धन्यवाद. परतीच्या करंटचं उत्तर मला आलं नसतं. तेवढं समजावाल?

चाकण_ते_हिंजवडी

जरूर. करंट जातो तसा परतही येतो. कमी वारंवारतेला तो कमी रोधाच्या वाटेने येतो, म्हणजे तांब्यात पसरतो. पण वारंवारता वाढली की तो गेलेल्या ट्रॅकच्या बरोबर खालून परततो, कारण तिथे लूप सर्वांत लहान असतो. आता खालच्या ग्राउंडमध्ये एखाद्या ट्रॅकने आडवी चीर पाडली असेल तर परतीला वळसा पडतो. लूप मोठा झाला की तो अँटेनासारखा वागतो, गोंगाट सोडतो आणि घेतोही. म्हणून दोन लेयरच्या बोर्डात होता होईल तो सगळे ट्रॅक वर, खाली अखंड ग्राउंड. एखादा ट्रॅक खाली न्यावाच लागला तर तो आखूड ठेवायचा आणि लगेच वर आणायचा.

कपॅसिटरचंही तेच. १०० नॅनोफॅरड चिपच्या पॉवर पिनेला खेटून हवा, आणि त्याचं ग्राउंडचं टोक जवळच्या व्हायाने (दोन लेयर जोडणाऱ्या भोकाने) थेट खाली. स्किमॅटिकच्या कोपऱ्यात सगळे कपॅसिटर एका ओळीत काढलेले असतात म्हणून मुलं बोर्डावरही ओळीने मांडतात. मग तो बसवून उपयोग काय!

वाचनमात्र_होतो

वाचनखूण साठवली. उत्तम धागा.

द्राक्षबाग

स्किमॅटिक काढून झालं. आता ईआरसी म्हणतो, 'इनपुट पॉवर पिन कुठल्याच आउटपुट पॉवर पिनने चालवलेली नाही.' २४ व्होल्ट कनेक्टरमधून येतंय, वायर जोडलेली आहे, तरी लाल बाण हटत नाही.

मृण्मयी_क

हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो. कनेक्टरची पिन किकॅडच्या लेखी निष्क्रिय असते. तिच्यातून वीज आत येतेय हे त्याला कळायला मार्ग नाही. 'पीडब्ल्यूआर फ्लॅग' नावाचा सिम्बॉल २४ व्होल्टच्या नेटवर एक आणि ग्राउंडवर एक लावा. ५ व्होल्ट बक मॉड्युलमधून येतंय आणि ते मॉड्युल तुम्ही कनेक्टर म्हणूनच काढलं असेल, तर तिथेही एक. पण ३.३ वर लावण्याआधी थांबा: एएमएस१११७ ची आउटपुट पिन पॉवर आउटपुट म्हणून नोंदलेली असते, तिथे गरज नाही. तिथेही तक्रार आली तर वायर खरंच तुटलेली आहे असं समजा.

इशारा दिसेनासा करायचं बटण असतं, ते दाबू नका. एक-एक ओळ वाचून मार्गी लावा.

तपकीरगल्ली

फूटप्रिंटबद्दल माझं ऐका, कारण दुकानात गिऱ्हाईक रोज बोर्ड घेऊन येतं. पार्ट आधी विकत घ्या, मग फूटप्रिंट नेमा. बोर्ड पूर्ण झाला की साध्या कागदावर १०० टक्के मापात प्रिंट काढा, 'पानावर बसवा' बंद करून. प्रिंटवर पट्टी ठेवून बोर्डाची कड मोजा, मगच विश्वास ठेवा. मग थर्माकोलवर कागद ठेवून प्रत्येक पार्टचे पाय त्या खुणांतून खोचा. रिलेचे पाय बसतात का, स्क्रू टर्मिनलचं तोंड बाहेर आहे का, शेजारच्या कपॅसिटरला टेकतं का, सगळं तिथेच कळतं.

एक उदाहरण. स्क्रू टर्मिनल ५ मिमीचं आणि ५.०८ मिमीचं, दोन्ही बाजारात मिळतात, दिसायला एक. दोन पिनांचं असेल तर काही फरक नाही. आठ पिनांचं असेल तर शेवटच्या पिनेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक साचतो, पाय जात नाहीत. १एन४००७ चा पाय साधारण ०.८ मिमी, म्हणजे भोक १ मिमीच्या वर हवं. छोट्या डायोडचा फूटप्रिंट त्याला दिला तर कानस घेऊन बसावं लागतं.

जुना_रेडिओ

थर्माकोलची युक्ती फार आवडली. आणि ट्रान्झिस्टर! बीसी५४७ सपाट बाजूने बघितला तर कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ घेतला तर एमिटर, बेस, कलेक्टर. आकार तोच. डेटाशीटचं ते एक पान बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

वेर्णेकर

गोव्यातून देव बरें करूं! वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असेंब्लीच्या लाइनवर आहे. डिझायनर लोकांना आमची बाजू कमी दिसते म्हणून लिहितो.

मशीनने पार्ट बसवायचे असतील तर बोर्डावर १ मिमीचे तांब्याचे गोल ठिपके ठेवा, भोवती मास्क उघडा. त्यावरून कॅमेरा बोर्ड ओळखतो. ०६०३ मापाचा बारीक रेझिस्टर असेल आणि त्याचा एक पॅड मोठ्या ग्राउंडला सगळ्या बाजूंनी थेट चिकटलेला असेल, तर त्या पॅडची उष्णता तांबं ओढून घेतं. दुसऱ्या टोकाचं सोल्डर आधी वितळतं आणि पार्ट त्या बाजूला उभा राहतो. म्हणून किकॅडच्या झोनमध्ये थर्मल रिलीफ ठेवा, चार बारीक दांड्यांनी जोडलेला पॅड. हाताने सोल्डर करतानाही त्याचा फायदा आहे, नाहीतर सोल्डरगन कितीही तापवा, ग्राउंडच्या पिनेला सोल्डर धरत नाही.

सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छापील मजकुरात, कनेक्टरच्या प्रत्येक पिनेचं नाव लिहा. 'जे १' लिहून शेतातल्या माणसाला काय कळणार? 'मोटर', 'ओलावा १', '+२४' असं लिहा.

द्राक्षबाग

मराठीत लिहिता येतं का सिल्कवर?

वेर्णेकर

किकॅडमध्ये मजकुराला कॉम्प्युटरवरचा फाँट निवडता येतो. देवनागरी युनिकोड फाँट निवडा, अक्षरं निदान २ मिमी उंच आणि ठळक ठेवा, कारण मात्रा आणि अनुस्वार बारीक असले की छपाईत उडतात. गर्बर झाल्यावर व्ह्यूअरमध्ये जोडाक्षरं तपासा.

नवा_सदस्य_पुणे

ऑटोराउटर का नाही वापरत कुणी? एक बटण दाबलं की काम झालं.

सोल्डरगन

किकॅडमध्ये तो अंगचा नाही. फ्रीराउटिंग नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे, त्याला डीएसएन फाइल द्यायची आणि एसईएस परत आणायची. पण त्याला २४ व्होल्टचा ट्रॅक आणि सेन्सरचा ट्रॅक यातला फरक तुम्ही सांगाल तेवढाच. तीसेक जोडांच्या बोर्डाला हातानेच करा. शिकायचं तेच तर आहे.

ट्रॅकच्या रुंदीचं विचारलं नाहीत तरी सांगतो. किकॅडच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाका. ३५ मायक्रॉन तांबं आणि १० अंश तापमानवाढ धरली तर बाहेरच्या लेयरवर १ अँपिअरला ०.३ मिमी पुरतो, २ ला साधारण ०.८. ५ अँपिअरला २.८ च्या आसपास. तुमच्या बोर्डावर जागा आहे, पॉवरचे सगळे १.५ मिमी ठेवा, सिग्नलचे ०.३. ही मापं नेट क्लासमध्ये एकदाच भरा, दर ट्रॅकला बदलत बसू नका.

द्राक्षबाग

मंडळी, मांडणी पूर्ण केली, चित्र जोडतोय. डीआरसी स्वच्छ आहे. ओलावा १ हा जीपीआयओ ३४ वर (ईएसपीची पिन), ओलावा २ हा जीपीआयओ २५ वर. रिले जीपीआयओ १२ वर. मॉड्युल मध्यभागी. कृपया निर्दयपणे तपासा.

चाकण_ते_हिंजवडी

मांडणी नेटकी आहे, ग्राउंड अखंड आहे, कपॅसिटर जागेवर आहेत. आता तीन गोष्टी, ज्या कुठलाही डीआरसी सांगणार नाही.

जीपीआयओ २५ हा दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) येतो, आणि वायफाय चालू असताना तो एडीसी वापरता येत नाही. ओलावा २ साठी ३२, ३३ किंवा ३५ घ्या, ते पहिल्या एडीसीवर आहेत. झीरो पीसीबीवर तुम्ही दोन्ही सेन्सर बहुधा पहिल्यावरच ठेवले असतील, म्हणून त्रास जाणवला नसेल.

जीपीआयओ १२ वर रिले नको. चालू होतानाच्या क्षणी ती पिन वर असेल तर मॉड्युल फ्लॅश मेमरीचा व्होल्टेज १.८ समजतं आणि उठतच नाही. रिले २६ किंवा २७ वर न्या. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम द्या, म्हणजे ईएसपी उठेपर्यंत मोटर आपोआप सुरू होणार नाही. शेतावर हे महत्त्वाचं आहे.

तिसरं, मॉड्युल कडेला न्या. अँटेनाची बाजू बोर्डाच्या कडेबाहेर किंवा कडेवर, आणि तिच्याखाली दोन्ही लेयरवर तांबं नको. मधोमध ठेवून खाली ग्राउंड भरलात तर घरापासून बागेपर्यंतचं वायफाय रडत बसेल.

पॅनेलवाला

सेन्सरच्या वायरी किती लांब?

द्राक्षबाग

एक वीस फूट, दुसरी त्याच्या दुप्पट.

पॅनेलवाला

मग वीज कडाडली की त्या वायरी अँटेना होतात. प्रत्येक सेन्सरच्या इनपुटला मालिकेत १ किलोओहम आणि मग ३.३ चा टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका गिळणारा) डायोड ग्राउंडला, कनेक्टरच्या अगदी जवळ. मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. आणि २४ च्या इनपुटला फ्यूज व उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड. शेतात कुणीतरी वायरी उलट लावतोच.

नवा_सदस्य_पुणे

मराठीतून शिकायला काही आहे का? माझ्या धाकट्या भावाचं इंग्रजी कच्चं आहे, आयटीआयला आहे.

मृण्मयी_क

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. छोटे छोटे धडे, समोर कॉम्प्युटर ठेवून बरोबरीने करायचे, आणि अनेक विषयांचे आवाज मराठीसकट भारतीय भाषांत आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने ई-सिम नावाचं साधन केलंय, त्यात किकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र आहेत, म्हणजे सर्किट काढून चालवूनही बघता येतं. धडे जुन्या आवृत्तीवर असले तर मेन्यूची जागा वेगळी दिसेल, क्रम तोच राहतो.

एक सूचना दोघांनाही: एकाच आवृत्तीवर काम करा. नवं किकॅड जुनी फाइल उघडतं, पण नव्यात साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं आणि घरी नवं असलं की मुलांची पंचाईत होते.

आणि शक्य असेल तर भावाला इथेच प्रश्न विचारू द्या. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मराठीत उत्तरं मिळत गेली तर हा धागाच पुढच्या मुलांना धडा म्हणून वापरता येईल. मला तसा वापरायचाच आहे.

द्राक्षबाग

सगळे बदल केले. रिले २७ वर, ओलावा २ हा ३३ वर, मॉड्युल कडेला, फ्यूज, डायोड, टीव्हीएस सगळं आलं. थर्माकोलवर पार्ट खोचून बघितले, बसतात. सिल्कवर 'मोटर', 'ओलावा १', 'ओलावा २' मराठीत. भोसरीतल्या एका कारखान्याला विचारलं, ते म्हणाले गर्बर पाठवा. झिपमध्ये या फाइली आहेत: एफ-सीयू, बी-सीयू (वरचं आणि खालचं तांबं), दोन्ही मास्क, दोन्ही सिल्क, एज कट्स. ठीक?

वेर्णेकर

ड्रिल फाइल कुठे आहे?

सोल्डरगन

गर्बरच्या खिडकीतच खाली ड्रिलच्या फाइली करायचं वेगळं बटण आहे. एक्सेलॉन स्वरूप, मिलिमीटर. मग सगळ्या फाइली किकॅडच्या गर्बर व्ह्यूअरमध्ये एकत्र उघडा आणि भोकं पॅडच्या मधोमध आहेत ना ते बघा. ऑर्डरमध्ये लिहा: दोन लेयर, १.६ मिमी एफआर-४, ३५ मायक्रॉन तांबं.

द्राक्षबाग

केलं. भोकं जागेवर आहेत. सात फाइली आणि दोन ड्रिलच्या, झिप करून पाठवली. पॅनेलवाला दादा, २४ व्होल्टच्या सहायक कॉन्टॅक्टरला किती अँपिअरचा एसएमपीएस घेऊ?

पॅनेलवाला

त्याच्या कॉइलचे वॉट वाचा. अशा छोट्या कॉन्टॅक्टरची डीसी कॉइल साधारण ३ वॉट, म्हणजे २४ ला ०.१२५ अँपिअर. बोर्डाचा वापर त्यात मिळवा, आणि २ अँपिअरचा घ्या. ठिबकचे व्हॉल्व्ह पुढे यावरच जोडायचे असतील तर आत्ताच सांगा, हिशेब बदलेल.

द्राक्षबाग

व्हॉल्व्ह जोडायचेच आहेत, चार. त्यासाठी बोर्डाची पुढची आवृत्ती लागेल, वेगळा धागा काढतो.